‘आफ्रिकेतली गोष्ट’ नको, आबा शहरातली सांगा

जव्हार तालुक्यातल्या एका शाळेत सातवीला शिकवणाऱ्या ताईंनी विचारलं आहे: शनिवारच्या वाचनाच्या तासाला मुलांना आफ्रिकी लोककथांवर उभी असलेली एखादी अद्भुत कादंबरी सांगायची आहे. न्नेडी ओकोराफोर या लेखिकेचं नाव ऐकलं. तिचं लेखन खरंच लोककथांतून आलंय, की नावं बदललेली जादूची शाळाच आहे? सुरुवात कुठून करू? आणि ‘मंत्रतंत्र, भुतंखेतं सांगून मुलांच्या डोक्यात अंधश्रद्धा भरताय’ असं सहकारी म्हणतात, त्यांना काय सांगू?

ताई, जरूर सांगा. तुमच्या मुलांना ही लेखिका जितकी कळेल तितकी शहरातल्या मुलांना कळणार नाही, असं मला मनापासून वाटतं. त्याचं कारण पुढे येईलच. पण एक विनंती आधीच करते. फळ्यावर ‘आफ्रिकेतली गोष्ट’ असं लिहू नका.

मी २२ वर्षं मुलांबरोबर गोष्टी वाचते आहे, त्यातली बरीचशी आश्रमशाळांत. सुरुवातीच्या काळात मी एकदा कोळ्याची गोष्ट सांगितली होती. आभाळातल्या देवाकडून जगातल्या सगळ्या गोष्टी विकत घेणारा तो कोळी, अनान्सी. ‘आफ्रिकेतल्या जंगलात एक कोळी राहत होता,’ अशी मी सुरुवात केली. एका मुलानं लगेच विचारलं, ‘बाई, आफ्रिकेत कुठं?’ मी म्हटलं, जंगलात. तो म्हणाला, ‘जंगलाला नाव नाही?’ त्याच्या पाड्यामागच्या प्रत्येक टेकडीला, प्रत्येक ओहोळाला नाव होतं. त्या पोराला माझं जंगल खोटं वाटलं आणि ते खोटंच होतं. घरी जाऊन मी शोधलं. अनान्सी हा घानातल्या अकान लोकांचा. त्यांच्याकडे गोष्टींनाच ‘अनान्सेसेम’ म्हणतात, म्हणजे कोळ्याच्या गोष्टी. आभाळातल्या देवाचं नाव न्यामे. त्यानं गोष्टींची किंमत म्हणून जिवंत अजगर, बिबट्या, गांधीलमाश्या आणि एक वनपरी मागितली होती. त्या मुलाच्या प्रश्नानंतर मी जगातली कुठलीही लोककथा तिचं गाव माहीत करून घेतल्याशिवाय सांगितलेली नाही. आफ्रिकेत ५४ देश आहेत. एकट्या नायजेरियात ५०० च्या वर भाषा बोलतात. तिथल्या गोष्टींना एकच पत्ता देणं म्हणजे पत्ताच न देणं.

न्नेडी ओकोराफोरचं मोठेपण मला इथेच दिसतं. तिच्या पुस्तकातल्या प्रत्येक भुताला, प्रत्येक खुणेला पत्ता आहे.

तिची ओळख सांगते, कारण तिच्या जादूचं मूळ तिच्या आयुष्यात आहे. आईवडील नायजेरियातले इग्बो. १९६९ च्या सुमारास शिकायला म्हणून अमेरिकेत गेले. मागे नायजेरियात बियाफ्राचं यादवी युद्ध पेटलेलं, त्यामुळे परत जाता आलं नाही. न्नेडीचा जन्म १९७४ चा, ओहायोतल्या सिनसिनाटीचा; वाढली शिकागोजवळ. सुट्टीत नायजेरियात गावी जाणं चालू राहिलं. मुलगी पट्टीची खेळाडू होती, टेनिस खेळायची, धावायची. पण पाठीचा कणा वाकडा होत चालला होता. १९ व्या वर्षी तो सरळ करायची शस्त्रक्रिया झाली आणि शुद्धीवर आली तेव्हा पाय हलत नव्हते. दवाखान्यातल्या खाटेवर पडल्यापडल्या तिनं जवळ असलेल्या एका विज्ञानकथांच्या पुस्तकाच्या समासात गोष्टी लिहायला सुरुवात केली. त्याआधी तिनं कधी गोष्ट लिहिली नव्हती. पुढे ती चालू लागली, पण खेळ सुटला. लिहिणं मात्र राहिलं. हे सगळं तिनं २०१९ साली आलेल्या आपल्या आठवणींच्या छोट्या पुस्तकात स्वतः सांगितलं आहे. पाय गेलेल्या या मुलीची २००५ साली पहिली कादंबरी आली ती उडू शकणाऱ्या मुलीची. हे मुलांना जरूर सांगा, पण आधी नको. पुस्तक संपल्यावर सांगा.

ती पहिली कादंबरी म्हणजे ‘झाहरा द विंडसीकर’. हिलाच पुढे २००८ साली आफ्रिकेतल्या साहित्यासाठीचा वोले सोयिंका पुरस्कार मिळाला. झाहरा जन्मतःच ‘दादा’ आहे. आपल्या मुलांना हा शब्द ऐकून हसू येईल, येऊ द्या. योरुबा लोकांत, आणि नायजेरियात इतरत्रही, जन्मतः गुंता झालेले जाड, पिळदार केस घेऊन आलेल्या मुलाला ‘दादा’ म्हणतात. अशा मुलाविषयी आदर असतो आणि धाकही असतो. झाहराच्या केसांत तर वेली वाढतात. शाळेत मुलं तिला चिडवतात, मोठी माणसं जरा अंतर ठेवून वागतात. तिच्या जगात संगणक बीपासून उगवतो, इमारती म्हणजे झाडंच. गावाच्या कडेला एक जंगल आहे, तिथे जायला मनाई आहे. तिच्या मित्राला त्या जंगलात साप चावतो, तो बेशुद्ध पडतो आणि औषधासाठी तिला एकटीला आत जावं लागतं.

ताई, इथे तुम्हाला सावध करते. ‘दादा’ केस म्हटलं की महाराष्ट्रातल्या माणसाला जट आठवणार. मुलीच्या केसांत जट झाली की देवीचं बोलावणं आलं असं मानायचं, कात्री लावायची नाही, आणि त्या नावाखाली कितीतरी मुलींना देवाला वाहिलं गेलं. आपल्याकडे अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्यांनी घरोघरी जाऊन, बायकांची समजूत काढून जटा सोडवल्या आहेत. वर्गातली एखादी मुलगी म्हणेल, ‘बाई, आमच्या आत्याला आहे.’ तेव्हा विषय टाळू नका. सरळ सांगा की झाहराच्या गोष्टीत तिला कुणी देवाला वाहत नाही, तिला कोंडत नाही. केसांवरून माणसाची जी किंमत ठरवली जाते, तीच ही मुलगी नाकारते. आणि खरी जट धुऊन, सोडवून, नाहीतर कापून टाकता येते, त्यानं काही होत नाही, हेही त्याच दमात सांगा. दोन्ही वाक्यं मुलांना एकत्र झेपतात. मला तरी नेहमी झेपताना दिसली आहेत.

आता तिचं सर्वांत गाजलेलं मुलांचं पुस्तक. २०११ साली आलेलं ‘अकाता विच’. त्याचे पुढचे दोन भाग २०१७ आणि २०२२ साली आले. शीर्षकाबद्दल आधी बोलते. ‘अकाता’ ही शिवी आहे. परदेशात जन्मलेल्या काळ्या माणसांना काही नायजेरियन लोक हिणवून असं म्हणतात. म्हणून नायजेरियात हे पुस्तक वेगळ्या नावानं निघालं, ‘व्हॉट सनी सॉ इन द फ्लेम्स’. तुम्ही वर्गात हेच नाव घ्या. चांगलंही आहे आणि गोष्टीची सुरुवातही तिथेच होते: वीज गेलेली आहे, एक मुलगी मेणबत्तीच्या ज्योतीत बघत बसली आहे आणि तिला त्यात जगाचा शेवट दिसतो. वीज जाणं म्हणजे काय, हे तुमच्या वर्गाला समजावून सांगावं लागणार नाही.

ही सनी १२ वर्षांची. अमेरिकेत जन्मलेली, आता आबा शहरात राहणारी. आबा हे दक्षिण-पूर्व नायजेरियातलं इग्बो भागातलं व्यापारी शहर, चपला-बूट शिवणाऱ्या कारागिरांसाठी प्रसिद्ध. नकाशावर दाखवा, नावावरून हसणं झालं की तेच नाव मुलांच्या कायमचं लक्षात राहतं. सनीला अल्बिनिझम आहे, म्हणजे त्वचेत, केसांत, डोळ्यांत रंगद्रव्य नाही. ऊन सोसत नाही. फुटबॉल जीव की प्राण, पण खेळायचं ते सूर्य बुडाल्यावर. अमेरिकेत ती नायजेरियन, नायजेरियात अमेरिकन. काळ्यांत गोरी दिसणारी, पण गोरी नव्हेच. मग तिला कळतं की जादू येणाऱ्या लोकांचा एक समाज आहे, त्यांना ‘लेपर्ड’, म्हणजे बिबट्या, म्हणतात, आणि ती त्यांच्यातली आहे.

इथे आली ती तुमची शंका: मग ही जादूची शाळाच झाली की! वरून पाहिलं तर सारखेपणा आहेच. चार मुलं, लपलेलं जग, शिक्षक, एक दुष्ट माणूस. पण आतली यंत्रणा पूर्ण वेगळी आहे, आणि मी तरी दोन गोष्टींसाठी हे पुस्तक जपून ठेवते.

पहिली गोष्ट पैशाची. त्या जगात चलन म्हणजे ‘चित्तिम’, धातूच्या लहानमोठ्या कांड्या. त्या मिळवायचा एकच मार्ग. काहीतरी नवं शिकलात, खरोखर उमजलं, की त्या वरून तुमच्या पायाशी टपटप पडतात. श्रीमंत कोण, तर ज्याला जास्त कळलं तो. माझ्या वर्गात हे वाचून झालं की पुढचे कित्येक दिवस कुणाला गणित सुटलं की बाकीची पोरं पेन्सिली जमिनीवर टाकून ‘चित्तिम! चित्तिम!’ ओरडतात.

दुसरी गोष्ट म्हणजे ज्याला जग उणीव म्हणतं तेच त्या मुलाचं सामर्थ्य असतं. सनीच्या मित्राला, ऑर्लूला, वाचनात अक्षरं उलटीसुलटी दिसतात, त्याला डिस्लेक्सिया आहे; त्याची ताकद म्हणजे बांधलेली कुठलीही जादू तो उलगडू शकतो. तिची मैत्रीण चिची एका जागी बसत नाही, तोंड बंद ठेवत नाही. तिला एकदा पाहिलेलं सारं आठवतं. सनी उजेडात मावत नव्हती, म्हणून ती दोन जगांच्या मधून चालू शकते, दिसेनाशी होऊ शकते. एका वर्षी माझ्या गटात एक मुलगा होता, वाचायला उभं केलं की घामाघूम व्हायचा. ऑर्लूचं प्रकरण झालं तेव्हा तो काही बोलला नाही. पुढच्या तासाला स्वतःहून पहिल्या रांगेत येऊन बसला. मी त्याला काही विचारलं नाही. दवाखान्यातल्या त्या खाटेवर लेखिकेला जे उमजलं असेल, ते या मुलापर्यंत पोहोचलं होतं.

आता लोककथेचं. नायजेरिया आणि कॅमेरूनच्या सीमेवर, क्रॉस नदीच्या खोऱ्यात, एफिक, एजाघम आणि काही इग्बो लोकांत ‘एक्पे’ नावाची पुरुषांची जुनी संस्था आहे. एक्पे म्हणजे बिबट्या. पूर्वी गावाचे कायदे, तंटे, कर्जवसुली हे सगळं ही संस्था पाहायची. तिची स्वतःची एक चिन्हलिपी आहे, न्सिबिदी. भिंतींवर, भोपळ्याच्या तुंब्यांवर, मडक्यांवर आणि ‘उकारा’ नावाच्या निळीनं रंगवलेल्या कापडावर ही चिन्हं काढतात. काही सगळ्यांना कळतात, काही फक्त दीक्षा घेतलेल्यांना. गुलाम म्हणून क्यूबाला नेलेल्या माणसांनी ही संस्था तिकडे पुन्हा उभी केली, चिन्हांसकट. आता कादंबरीतले ‘बिबट्याचे लोक’ आठवा. सनीला मिळणारं न्सिबिदीतलं पुस्तक आठवा, ज्यातली चिन्हं पानावर हलतात आणि वाचणाऱ्याला थकवतात. लेखिकेनं पुरुषांच्या संस्थेचं दार बारा वर्षांच्या मुलीसाठी उघडलं. लोककथेला हात लावायचा तर असा लावावा, असं मला वाटतं. आधी ती पूर्ण माहीत करून घ्यायची आणि मग एकच वीट हलवायची.

आणि मुखवटे! सुरुवातीला म्हटलं ना, तुमच्या मुलांना हे पुस्तक जास्त कळेल, ते याचसाठी. इग्बो भागात ‘म्मान्वु’ असतात. इंग्रजीत त्यांना मास्करेड म्हणतात, त्यामुळे वाचणाऱ्याला वेषभूषेचा कार्यक्रम वाटतो. तुमच्या मुलांना मात्र तुम्ही एकच शब्द सांगा: बोहाडा. संबळ वाजतोय, मशाली पेटल्यात, सोंग नाचत येतंय, आणि ओळखीचा काका असूनही लोक त्याच्या पाया पडतात, कारण त्या घटकेला तो काका नसतो. म्मान्वु तसाच. तो पूर्वजांच्या जगातून आलेला आत्मा असतो. आत अमुक माणूस आहे, असं म्हणणंसुद्धा अपराध. त्यातला सर्वांत मोठा ‘इजेले’, सुमारे ४ मीटर उंच; तो तयार करायला १०० माणसं ६ महिने खपतात. युनेस्कोनं २००९ साली त्याला अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. ओकोराफोरच्या पुस्तकात मुखवट्याच्या आत माणूस नसतोच, खरा आत्माच येतो. शिवाय प्रत्येक लेपर्ड माणसाला स्वतःचा एक ‘आत्म्याचा चेहरा’ असतो. एका अरुंद पुलावरून नदी ओलांडताना तो चेहरा पुढे यावा लागतो, नाहीतर पार होता येत नाही. सनीच्या त्या चेहऱ्याचं नाव आन्यान्वु. इग्बोत आन्यान्वु म्हणजे सूर्याचा डोळा, सूर्यदेवता. ज्या मुलीला ऊन सोसत नाही तिच्या आत सूर्य बसलेला आहे. हे वाचताना आजही माझ्या अंगावर काटा येतो.

एक तक्रार मात्र आहे, आणि ती मी लपवणार नाही. कादंबरीत एक्वेन्सु नावाची अत्यंत भयंकर, दुष्ट शक्ती आहे. इग्बो परंपरेत एक्वेन्सु मुळात युद्धाची, चढाओढीची, चकव्याची देवता. मिशनऱ्यांनी बायबलातल्या सैतानासाठी हेच नाव वापरलं आणि तेव्हापासून ती फक्त सैतान होऊन राहिली. इतकी जाणकार लेखिका इथे ते जुनं पूर्ण रूप परत आणेल असं मला वाटत होतं; तिनं दुष्ट बाजूच उचलली. मुलांना हे समजावणं सोपं आहे, कारण आपल्याकडे वेताळाचं हेच झालं. गोष्टींत तो झाडाला लोंबकळणारं भूत, आणि गोव्यात लोलयेला जाऊन पाहाल तर गावाचा राखणदार देव. एकच नाव कोण सांगतंय त्यावर देव होतं की भूत, हा तास तर मी स्वतंत्रच घेते.

आता तुमचे सहकारी. त्यांची शंका रागावून झटकण्यासारखी नाही. ज्या भागात आजही डाकीण ठरवून बाईला त्रास देतात तिथे जादूची गोष्ट सांगताना शिक्षकानं विचार करायलाच हवा. त्यांना पुस्तकातला खलनायक दाखवा. ‘ब्लॅक हॅट ओटोकोटो’ लहान मुलांना पळवून नेतो, त्यांचा बळी देऊन सामर्थ्य मिळवू पाहतो. ओटोकोटो हे नाव ऐकलं की नायजेरियातल्या मोठ्या माणसाला १९९६ सालचं ओवेरी शहर आठवतं. तिथे त्या नावाच्या हॉटेलात एका लहान मुलाचा विधीसाठी खून झाला, ते उघडकीला आलं, आणि संतापलेल्या लोकांनी अशा मार्गानं श्रीमंत झाल्याचा संशय असलेल्यांची घरं, दुकानं जाळली. म्हणजे या कादंबरीत नरबळी देणारा हाच शत्रू आहे आणि त्याच्याशी लढतात ती मुलं. महाराष्ट्रानं २०१३ साली नरबळी, अघोरी प्रथा आणि जादूटोण्याविरुद्ध कायदा केला. तो कायदा ज्याला तुरुंगात टाकेल तोच माणूस इथे खलनायक आहे, एवढं सांगितलं तरी पुरे.

अल्बिनिझमचंही तसंच. टांझानिया, मलावी या देशांत अशा माणसांच्या अवयवांनी नशीब उघडतं अशा समजुतीपायी लोकांवर हल्ले झाले, मुलं मारली गेली. १३ जून हा दिवस संयुक्त राष्ट्रांनी अल्बिनिझमविषयीच्या जागृतीसाठी ठरवला तो या पार्श्वभूमीवर. जिच्यासारख्यांची शिकार होते तिलाच नायिका करणं, ही अंधश्रद्धेविरुद्ध लिहिलेली फार धारदार गोष्ट आहे. अर्थात हल्ल्यांचे तपशील सातवीत सांगू नका. आजार नाही, शाप नाही, त्वचेत रंग नसतो, डोळे जपावे लागतात, इतकं पुरतं. वर्गात किंवा गावात असं कुणी असेल तर आधी त्यांच्या घरच्यांशी बोलून घ्या.

आणि हो, गोष्ट म्हणजे गोष्ट, हे सांगायची रीत त्या लोकांकडे आधीपासून आहे. अकान माणूस कोळ्याची गोष्ट सुरू करतानाच म्हणतो, आम्ही सांगतोय ते खरं आहे असं आमचं म्हणणं नाही, नाहीच. योरुबा सांगणारा ‘आलो ओ!’ अशी हाक देतो, ऐकणाऱ्यांनी ‘आलो!’ म्हणून ओ द्यायची, मगच गोष्ट पुढे जाते. आपलं ‘आटपाट नगर होतं’ तेच काम करतं. उंबरठा ओलांडला हे मुलांना कळतं.

कुठून सुरू करायचं? ‘अकाता विच’पासून नको. त्यात मुलांचे खून आहेत; प्रत्यक्ष वर्णन नसलं तरी सावट आहे, आणि शाळेत मुलांना छडीनं मारण्याचा, हाणामारीचा प्रसंग अगदी सुरुवातीला आहे. सातवीच्या दुसऱ्या सत्रात, मुलं तुमच्यावर विसंबायला लागली की घ्या. आधी ‘झाहरा’. तुमच्या शाळेत लहान वर्ग असतील तर त्यांच्यासाठी ‘चिकन इन द किचन’ हे २०१५ चं चित्रपुस्तक आहे. नव्या यामच्या, म्हणजे कोनफळासारख्या कंदाच्या, सणाच्या आदल्या रात्री एका मुलीच्या स्वयंपाकघरात अवाढव्य कोंबडी शिरते. पुढे काय ते सांगत नाही, पण बोहाडा पाहिलेल्या मुलांना ती कोंबडी कोण आहे ते लवकर कळेल. मुलगे ‘आमच्यासाठी काय’ विचारतील. त्यांना २०२० चं ‘इकेंगा’. इकेंगा ही इग्बो माणसानं घरात ठेवायची शिंगं असलेली लाकडी मूर्ती, उजव्या हाताच्या बळाची, स्वतःच्या कर्तृत्वाची. पुस्तकातल्या मुलाचे वडील पोलीस अधिकारी होते, त्यांचा खून झालाय. त्याला अशी मूर्ती मिळते आणि राग आला की तो राक्षसासारखा वाढतो. राग आवरायचा कसा, हाच सगळा झगडा आहे. माझ्या मते हे तिचं सर्वोत्तम पुस्तक नव्हे, पण वडील गमावलेल्या मुलांजवळ ते फार हळुवार पोहोचतं.

एक पुस्तक शाळेच्या कपाटात चुकूनही ठेवू नका. ‘हू फिअर्स डेथ’, २०१० चं, वर्ल्ड फँटसी पुरस्कार मिळालेलं. एकाच लेखिकेचं आणि जादूचं म्हणून ग्रंथालयं ते मुलांच्या फळीवर लावतात. ते मोठ्यांसाठी आहे, त्यात युद्धातले बलात्कार आहेत. तुम्ही स्वतः मात्र वाचा.

इंग्रजी पानावरून थेट मराठीत सांगताना नावं बदलू नका. न्नेडीचा उच्चार ‘न’वर किंचित थांबून. म्बे, न्सिबिदी, म्मान्वु ही नावं मुलांच्या तोंडात दोन दिवसांत बसतात, अडखळतो आपण. पुस्तकात जादूला ‘जुजू’ म्हणतात, तिला ‘जादूटोणा’ म्हणू नका. जुजूच म्हणा, नाहीतर सहकाऱ्यांची शंका तुम्हीच खरी कराल. याम, कसावा, ताडी यांची चित्रं दाखवा. ताडी तर दाखवायचीही गरज नाही. आणि जिथे तुमच्या मुलांच्या घरच्या वारली, कोकणा बोलीत नेमका शब्द असेल तिथे तोच वापरा. भुताच्या प्रकारांना त्यांच्याकडे माझ्या पुस्तकी मराठीपेक्षा जास्त शब्द आहेत.

पहिल्या शनिवारी पुस्तक नेऊच नका. कासवाची गोष्ट सांगा, म्बेची. इग्बो मुलं पिढ्यान्‌पिढ्या ही ऐकत आली आहेत. दुष्काळ पडलेला. पाखरांना आभाळात जेवणाचं आवतण आलं. कासवाच्या पोटात काही नव्हतं, पण जीभ गोड होती. त्यानं प्रत्येक पाखराकडून एकेक पीस मागून घेतलं आणि पंख केले. वाटेत म्हणाला, मोठ्या पंगतीला जाताना नवं नाव घ्यायची पद्धत असते. प्रत्येकानं एकेक नाव घेतलं. त्यानं स्वतःचं ठेवलं ‘तुम्ही सगळे’. आभाळात पानं वाढली गेली. कासवानं विचारलं, हे कुणासाठी? यजमान म्हणाले, तुम्हा सगळ्यांसाठी. झालं! चांगलंचुंगलं कासवानं एकट्यानं खाल्लं, पाखरांना खरकटं उरलं. पाखरं चिडली, आपापली पिसं काढून घेऊन उडाली. कासवानं पोपटाला विनवलं, माझ्या बायकोला सांग, घरातलं मऊ मऊ सगळं अंगणात आणून टाक, मी उडी मारतो. पोपटानं सांगितलं, घरातलं टणक असेल ते सगळं आण. कुदळी, कोयते, भाले. कासवानं उडी टाकली. पाठीचे तुकडे वैद्यानं गोळा करून जोडले, त्याचे सांधे अजून दिसतात.

आपल्या मुलांना हंसांच्या काठीला धरून उडालेलं बडबडं कासव पंचतंत्रातून माहीत असतं. ते लगेच हात वर करतील. तिथे कासव तोंड उघडल्यामुळे पडलं, इथे एका नावाच्या खेळीमुळे वर चढलं आणि दुसऱ्याच्या शब्दामुळे फुटलं. दोन्ही गोष्टी फळ्यावर शेजारी शेजारी मांडा, वर गाव लिहा. मग विचारा, तुमच्याकडे कासवाची पाठ कशी फुटली म्हणतात? कोल्ह्याची, खेकड्याची, माकडाची कुठली गोष्ट आजी सांगते? मुलं सांगतील ती एका जाड वहीत उतरवून घ्या, त्यांच्याच शब्दांत, आणि प्रत्येक गोष्टीखाली सांगणाऱ्याचं नाव, गाव आणि पाडा लिहा. दुसऱ्या शनिवारी ‘झाहरा’चं पहिलं प्रकरण.